मदत हवी आहे: जुना 'कॉलनायझेशन' आजच्या लॅपटॉपवर नीट कसा खेळायचा?

मंडळी, मायक्रोप्रोझचा १९९४ चा 'कॉलनायझेशन' हा गेम जीओजी या गेम विकणाऱ्या साइटवरून विकत घेतला. इंग्लंड, फ्रान्स, स्पेन किंवा हॉलंडचं जहाज घेऊन निघायचं आणि अनोळखी किनाऱ्याचा नकाशा एकेक चौकोन उघडत जायचा, तोच. डॉसबॉक्स (जुने डॉसचे गेम आजच्या संगणकावर चालवणारा प्रोग्राम) सोबतच येतो, त्यामुळे गेम लगेच सुरू झाला. पण दोन गोष्टी अडल्यात.

पहिली आणि मोठी: माझ्या लॅपटॉपला नंबरपॅड नाही. तिरकं जायला ७, ९, १, ३ ही नंबरपॅडची बटणं लागतात. घोडेस्वार आडवा-उभाच फिरवला तर शोधमोहिमेची अर्धी मजा जाते, शिवाय चाली फुकट जातात त्या वेगळ्याच. कंट्रोल आणि एफ१ दाबून डॉसबॉक्सचा की-मॅपर (बटणांची कामं बदलायची सोय) उघडतो, हे माहीत आहे. पण तिरक्या चालींना कोणती अक्षरं द्यावीत? बरीचशी अक्षरं गेमने आधीच हुकुमांसाठी अडवून ठेवली आहेत. यूएसबीचा सुटा नंबरपॅड कुणी वापरलाय का?

दुसरी, चित्राची. मूळ चित्र ३२० × २०० चं, जुन्या ४:३ मॉनिटरसाठी केलेलं. माझ्याकडे सगळं चपटं दिसतं. डॉसबॉक्सच्या कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फाइलमध्ये 'ॲस्पेक्ट' चालू करून हे सुटतं, की 'आउटपुट'ही बदलावं लागतं?

याच गेमवर बेतलेला 'फ्रीकॉल' घे असं कुणीतरी सुचवेलच! मुक्त स्रोत आहे, फुकट आहे, चांगलाही आहे. पण मला मूळचाच खेळायचाय, त्या ठिपक्याठिपक्यांच्या चित्रांसकट. कुणाची चालणारी मॅपर फाइल असेल तर कृपया पाठवा.