मदत हवी आहे: चीन-रशिया आर्थिक सुधारणांची तुलना, 'हळू विरुद्ध झटपट' याच्या पुढे कशी न्यावी?

पानवाट:
नमस्कार. एम. ए. राज्यशास्त्राच्या सेमिनारसाठी तीन हजार शब्दांचा निबंध मराठीत लिहायचा आहे. पहिल्या मसुद्यात मांडणी अशी होती: चीनने १९७८ पासून पायरीपायरीने बदल केले म्हणून तो वर आला, रशियाने १९९२ मध्ये एकदम धक्का दिला म्हणून तो कोसळला. त्यावर शेरा आला, "हे वर्णन झालं, कारणमीमांसा कुठे आहे?" तीन ठिकाणी अडलं आहे. दोन्ही देशांची कोणती वर्षं समोरासमोर ठेवायची? चीनची दुहेरी किंमत पद्धत प्रत्यक्षात कशी चालायची? आणि 'खासगीकरण' या एका शब्दात दोन्हीकडचं बसतं का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

उंबरठा:
पहिल्या प्रश्नातच मसुद्याचा दोष सापडतो. तुम्ही चीनचं १९७८ आणि रशियाचं १९९२ शेजारी ठेवलंत, म्हणजे एकीकडे सुरुवात आणि दुसरीकडे पडझडीनंतरचा काळ. जोडी लावायची तर डिसेंबर १९७८ मधली चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या अकराव्या केंद्रीय समितीची तिसरी बैठक आणि मार्च १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस झाले तो क्षण, अशी लावा. असं केलं की लगेच दिसतं की सोव्हिएत संघानेही १९८५ ते १९९१ हळूहळूच सुधारणा करून पाहिल्या. त्या फसल्या. म्हणजे हळू जाणं हे यशाचं पुरेसं कारण नाही.

उलटही बघा. चीनमध्ये सगळं सावकाश झालं नाही. शेती सामुदायिक ताब्यातून कुटुंबांकडे सोपवण्याचं काम १९८३ अखेर जवळपास देशभर उरकलं होतं. एवढ्या मोठ्या देशात चार-पाच वर्षांत हे झालं, त्याला संथ कसं म्हणणार? आनहुई प्रांतातल्या शिआओगांग गावच्या १८ शेतकऱ्यांनी १९७८ मध्ये सामुदायिक जमीन घराघरांत वाटून घ्यायच्या गुपचूप केलेल्या कराराचा दाखला सगळे देतात. पण त्याच्या जोडीला १९७९ मध्ये सरकारने कोट्याच्या, म्हणजे सरकारला द्यावाच लागणाऱ्या, धान्याचा खरेदीदर २० टक्के वाढवला आणि कोट्यावरच्या धान्याला मिळणारा जादा दर ३० वरून ५० टक्क्यांवर नेला. हे बहुतेक लेखांतून सुटतं. धान्योत्पादन १९७८ मध्ये सुमारे ३०.५ कोटी टन होतं, १९८४ मध्ये ४०.७ कोटी टन झालं. करार आणि भाव, दोन्ही मोजा.

आता सुरुवातीची रचना. १९७८ मध्ये चीनचे सुमारे ७० टक्के कामकरी शेतीत होते आणि सरकारी नोकरीत पाचव्या भागापेक्षा कमी. सोव्हिएत संघात शेतीत पाचवा भाग किंवा त्याहून कमी, आणि बाकी जवळपास सगळे सरकारी पगारावर, घर-पाळणाघर-पेन्शनसकट. चीनला जुन्या व्यवस्थेच्या बाहेर नवी माणसं कामाला लावता आली. गावोगावच्या उद्योगांत १९७८ मध्ये २.८ कोटी लोक होते, १९९६ मध्ये १३.५ कोटी. रशियात बाहेर कोणी उरलंच नव्हतं, जे होतं तेच मोडून जोडायचं होतं.

लेव्हीसाखर:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. आपल्याकडच्या साखर कारखान्यांची लेव्ही आठवा. १९६७ पासून अंशतः नियंत्रणाचं धोरण होतं. साखरेचा ठरावीक हिस्सा सरकारला लेव्हीच्या दराने रेशनसाठी द्यायचा, उरलेली खुल्या बाजारात विकायची. २०१३ मध्ये लेव्ही गेली. एकाच मालाला दोन भाव, हे यातून पटकन कळतं.

पण साम्य इथेच थांबतं. आपली लेव्ही उत्पादनाच्या टक्क्यांत होती, म्हणजे साखर जास्त काढली की लेव्हीही वाढायची. चीनमध्ये सरकारी योजनेला द्यायचा वाटा नगावर, टनावर ठरलेला होता आणि तो साधारण तिथेच रोखून धरला. समजा एका पोलाद कारखान्याचा कोटा १०० टन. तेवढं सरकारी दराने द्यायचं, त्याबदल्यात कोळसा आणि खनिजही सरकारी दराने मिळायचं. १०१ वा टन मात्र बाजारभावाने. मे १९८४ च्या नियमांनुसार जादा माल सरकारी दरापेक्षा फार तर २० टक्के चढ्या भावाने विकता येत होता, १९८५ च्या सुरुवातीला ती मर्यादाही उठली. पुढचा टन काढायचा की नाही हे बाजारभावावर ठरायचं, आणि जुन्या कोट्यामुळे कोणाचं ताट ओढलं जायचं नाही. अर्थव्यवस्था वाढत गेली तसा योजनेचा हिस्सा आपोआप आक्रसला.

दोष काय? दोन भावांतली तफावत खिशात घालता येते. ओळखीने सरकारी दरात माल उचलायचा आणि बाजारात विकायचा, या अधिकाऱ्यांच्या धंद्याला चिनी लोक 'गुआनदाओ' म्हणत. १९८८ मध्ये किमती एकदम मोकळ्या करण्याची घोषणा होताच लोकांनी दुकानं रिकामी केली, बँकांतून ठेवी काढल्या, महागाई १८ टक्क्यांच्या आसपास गेली आणि निर्णय मागे घ्यावा लागला. १९८९ च्या आंदोलनात हा राग मोठ्या प्रमाणात होता. दुहेरी पद्धत विनाखर्चाची होती असं कृपया लिहू नका.

पानवाट:
लेव्हीच्या उदाहरणाने फार मदत झाली, आभार. पण मग प्रश्न पडतो: गोर्बाचेव्ह यांच्या काळातही योजना आणि बाजार शेजारी शेजारी होतेच ना? तिथे माल गायब का झाला?

उंबरठा:
हा प्रश्न निबंधाच्या मध्यभागी ठेवा.

१९८७ चा सरकारी उद्योग कायदा १ जानेवारी १९८८ पासून लागू झाला. व्यवस्थापकांना अधिकार मिळाले, कामगारांना व्यवस्थापक निवडण्याचा हक्कही मिळाला. किमती मात्र सरकारीच राहिल्या. निवडून यायचं तर पगार वाढवा, आणि पगार वाढले तरी दुकानात माल तेवढाच. मे १९८८ मध्ये सहकारी संस्थांचा कायदा आला आणि एक झडप उघडली. सोव्हिएत व्यवस्थेत दोन प्रकारचे रूबल होते. उद्योगांच्या खात्यातले हिशेबी रूबल रोखीत बदलता येत नसत, ते फक्त कारखान्या-कारखान्यांतल्या देण्याघेण्यासाठी. पगाराचे रूबल रोख. सहकारी संस्थेला मात्र खात्यातली रक्कम रोख काढता येई. मग व्यवस्थापकाने आपल्याच माणसांची संस्था काढायची, सरकारी दराचा माल तिच्याकडे वळवायचा आणि हिशेबी पैसा रोख करून घ्यायचा. योजनेतल्या ग्राहकाला माल पोचेना, रोख पैसा फुगला, फळ्या रिकाम्या झाल्या.

हे चीनमध्येही घडू शकलं असतं. फरक कोटा वसूल करणाऱ्या यंत्रणेत होता. इथे 'नोमेनक्लातुरा' ही संकल्पना लागते: महत्त्वाच्या पदांची पक्षाच्या हातातली यादी. कोण व्यवस्थापक, कोण प्रांतप्रमुख, हे पक्ष ठरवतो. चीनने ही यादी कधी सोडली नाही, म्हणून कोटा चुकवणाऱ्याची बढती अडकायची. गोर्बाचेव्ह यांना पक्षयंत्रणाच सुधारणेतला अडथळा वाटली. त्यांनी ती खिळखिळी केली, आणि मार्च १९९० मध्ये घटनेच्या सहाव्या कलमातून पक्षाचं नेतृत्वस्थान काढलं. राजकीयदृष्ट्या मी ते पाऊल आदराने बघतो. पण वसुलीचं दुसरं साधन उभं राहण्याआधी पहिलं गेलं.

दस्तऐवज:
तिसऱ्या मुद्द्यावर. 'खासगीकरण' हा एकच शब्द वापरलात तर गोंधळ होईल, तीन गोष्टी वेगळ्या करा.

रशियातलं व्हाउचर, म्हणजे सरकारी कारखान्यांचे भाग (शेअर) घेण्यासाठी लोकांना वाटलेलं प्रमाणपत्र. दर्शनी किंमत १०,००० रूबल, मिळवण्याचं शुल्क २५ रूबल, मुदत वाढत वाढत ३० जून १९९४ पर्यंत. खासगीकरणासाठी दिलेल्या पर्यायांपैकी बहुतेक कारखान्यांनी दुसरा घेतला: कामगार-व्यवस्थापक मिळून ५१ टक्के मतदानाचे भाग, आणि तेही महागाईआधीच्या पुस्तकी किमतीच्या १.७ पटीने. १९९२ मध्ये भाव सुमारे २६ पट झाले, तेव्हा हा सौदा किती स्वस्त पडला ते हिशेब करून दाखवा. कागदावर मालक बदलला, खुर्चीतला माणूस बहुधा तोच राहिला.

नंतर १९९५ अखेरची 'कर्जाच्या बदल्यात भाग' योजना. अर्थसंकल्पातला खड्डा भरायला सरकारने बँकांकडून कर्ज घेतलं आणि बड्या कंपन्यांतले भाग लिलाव करून तारण ठेवले. नोरिल्स्क निकेल या धातू कंपनीचे ३८ टक्के सुमारे १७ कोटी डॉलरला, युकोस या तेल कंपनीचे ४५ टक्के सुमारे १५.९ कोटी डॉलरला गेले. या दोन्ही लिलावांत लिलाव चालवणारी बँकच जिंकणाऱ्या बाजूला होती. मोठ्या धनिकांचा वर्ग पूर्णपणे व्हाउचरमधून निघाला असं लिहिणारे ही पायरी गाळतात.

चीनमध्ये क्रम उलटा. आधी नवे उद्योग वाढले, आणि १९९७ नंतर 'मोठं पकडा, लहान सोडा' या घोषणेखाली लहान सरकारी उद्योग विकले, कोट्यवधी कामगार कमी झाले. ईशान्येकडच्या लिआओनिंगसारख्या प्रांतांना तो धक्काच होता. गावउद्योगांबद्दल एक सावधगिरी: त्यातले बरेच प्रत्यक्षात खासगी होते आणि संरक्षणासाठी सामूहिक म्हणून नोंदवलेले. याला 'लाल टोपी घालणं' म्हणत.

'शॉक थेरपी', म्हणजे सगळे बदल एकदम करणं, हा शब्दही जपून. २ जानेवारी १९९२ ला बहुतेक किमती मोकळ्या झाल्या, पण ऊर्जेचा देशांतर्गत भाव दाबलेलाच राहिला. देशात स्वस्त घेऊन बाहेर महाग विकता येई, म्हणून निर्यातीचा परवाना ज्याच्याकडे, त्याची चांदी. मध्यवर्ती बँक त्याच उन्हाळ्यात कारखान्यांना मुक्तहस्ते कर्ज देऊ लागली. हंगेरियन अर्थतज्ज्ञ यानोश कोर्नाई यांची 'सैल अर्थसंकल्पीय बंधन' ही संकल्पना इथे वापरा: तोटा झाला तरी सरकार वाचवेल ही खात्री.

पानवाट:
आता मांडणी दिसायला लागली. शेवटचं विचारतो: पडझड आकड्यांत दाखवताना काय टाळू?

लेव्हीसाखर:
'रशियाचं उत्पादन १९९८ पर्यंत सुमारे ४० टक्के घटलं' हे वाक्य एकटं टाकू नका. आधीच्या आकड्यात कोणाला नको असलेली शस्त्रं आणि यंत्रंही मोजलेली होती, त्यामुळे लोकांच्या वापरातली घट त्याहून कमी. मात्र यावरून त्रास किरकोळ होता असं म्हणणं चूक ठरेल. पुरुषांचं सरासरी आयुर्मान १९८७ मध्ये ६५ च्या जवळ होतं, १९९४ मध्ये ५८ च्याही खाली गेलं. हा आकडा किमतींच्या हिशेबावर अवलंबून नाही, म्हणून तो जरूर द्या.

उंबरठा:
राज्याची क्षमता दाखवायला कर घ्या. चीनच्या १९९४ च्या करवाटपात मूल्यवर्धित कराचे ७५ टक्के केंद्राला गेले, आणि एकूण महसुलात केंद्राचा वाटा एका वर्षात २२ वरून सुमारे ५५ टक्क्यांवर आला. त्याच वर्षी फेब्रुवारीत मॉस्को रशियातल्याच तातारस्तान प्रजासत्ताकाशी वेगळा करार करून अधिकार वाटून देत होतं. महसूल जमेना म्हणून अल्प मुदतीचे रोखे काढत गेले, शेवट १७ ऑगस्ट १९९८ च्या दिवाळखोरीत. पुतिन यांचा २००० नंतरचा केंद्रीकरणाचा काळ या पार्श्वभूमीवर ठेवा, नाहीतर तो एका माणसाचा स्वभाव वाटतो.

निबंधाची सुरुवात ऑक्टोबर १९९२ पासून करून बघा. त्या महिन्याच्या १ तारखेला रशियात व्हाउचरवाटप सुरू झालं आणि त्याच महिन्यात बीजिंगमध्ये पक्षाच्या १४ व्या अधिवेशनाने 'समाजवादी बाजार अर्थव्यवस्था' हे ध्येय स्वीकारलं. तिथून दोन्ही बाजूंना मागे १९७८ आणि १९८५ कडे जा.