गवताळ माळावर झाडं लावली तर मातीतला कर्ब वाढतो का?

माळ_सोलापूर:
पाच हेक्टर जमीन आहे. दोन हेक्टर आजवर ज्वारीखाली, बाकीचा मुरमाड माळ, त्यावर कुसळी गवत. सगळीकडे कडुनिंब, करंज आणि अंजन लावायचं चाललंय. मातीतला सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्या-मुळ्यांतून आलेला कार्बन) नक्की वाढेल का? लागवडीआधी कशाची नोंद करून ठेवू?

मृदाकण:
ज्वारीच्या तुकड्यात वाढेल, माळाचा भरवसा देता येत नाही. दोन्हींचा हिशेब पहिल्यापासून वेगळा ठेवा. गुओ आणि गिफर्ड या संशोधकांनी २००२ साली जगभरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. शेतजमिनीवर झाडं लावली तिथे मातीतला कर्ब सरासरी १८ टक्के वाढला, कुरणावर लावली तिथे १० टक्के घटला. गवताच्या बारीक मुळ्या सतत मरतात, नव्या फुटतात आणि तो कर्ब थेट मातीत मुरतो. सावली वाढली की गवत विरळ होतं. झाडाचा पाला वरच पडतो, त्यातला बराचसा कुजून किंवा वाळवीच्या पोटातून पुन्हा हवेत जातो.

चर_आणि_बांध:
त्याच अभ्यासातली घट मुख्यतः पाइनच्या लागवडीत दिसली, रुंद पानांच्या झाडांखाली फारसा फरक नव्हता. तुमची झाडं रुंद पानांची आहेत, तेव्हा मला काळजी झाडांपेक्षा जेसीबीची वाटते. ३ बाय ३ मीटरवर हेक्टरी १,१११ खड्डे बसतात. ४५ सें.मी. चौरस खड्डा धरला तर मिळून २२५ चौ.मी., म्हणजे जेमतेम सव्वादोन टक्के जमीन उघडी पडते. तेच ६० सें.मी. रुंदीचे चर दर ५ मीटरवर काढले की १२ टक्के, शिवाय भरावाखाली गवत दबतं ते वेगळं. माती उलथली की आतला कर्ब जिवाणू झपाट्याने खातात. माळावर हातानेच खड्डे घ्या, तेही विरळ. चांगलं गवत असेल तिथे लावूच नका. माळरान ओसाड नसतं.

मृदाकण:
नोंदीबद्दल. नुसती टक्केवारी कामाची नाही, स्थूल घनता, म्हणजे वाळलेल्या मातीचं वजन भागिले जमिनीत तिने व्यापलेलं आकारमान, हवीच. ०–१५ आणि १५–३० सें.मी. असे वेगळे नमुने घ्या. त्यासाठी एरवी ठरावीक मापाची धातूची रिंग जमिनीत ठोकतात, पण मुरमात ती ठोकता येत नाही, म्हणून छोटा खड्डा खणून सगळी माती पिशवीत भरा, खड्ड्यात पातळ प्लास्टिक अंथरा आणि काठोकाठ भरायला किती पाणी लागलं ते मोजा. तेच आकारमान. माती १०५ अंशांवर वाळवा, २ मि.मी. चाळणीतून काढा, खाली पडलेल्या मातीचं वजन पूर्ण आकारमानाने भागा. दगड वरच राहिले, त्यामुळे पुन्हा वजावट नको. कर्बाच्या तपासणीसाठी मात्र वेगळी माती सावलीत वाळवून द्या.

हेक्टरी टन = कर्ब टक्के × घनता (ग्रॅम प्रति घन सें.मी.) × खोली सें.मी. समजा ०.६ × १.१ × ३० = १९.८ टन.

माळ_सोलापूर:
मातीत चुनखडी आहे. त्याने आकडा बिघडतो का?

चर_आणि_बांध:
यंत्रात माती जाळून एकूण कर्ब काढला तर बिघडतो, चुनखडीतला कर्बही त्यात मोजला जातो. आधी आम्लाने चुनखडी काढायला सांगा किंवा वॉकली-ब्लॅक पद्धत घ्या, ती रसायनाने फक्त सेंद्रिय कर्ब मोजते. त्यात साधारण ७७ टक्केच कर्ब पकडला जातो असं धरून १.३ ने गुणतात. अहवालात तो गुणाकार झालाय का ते विचारा, आणि पुढची तपासणीही त्याच पद्धतीने करा. दरवर्षी मोजू नका. जागोजागचा फरकच वर्षाच्या वाढीपेक्षा मोठा असतो. पाच वर्षांनी, त्याच महिन्यात, त्याच खुणांजवळ. आणि गवताचा एक पट्टा झाडं न लावता तुलनेसाठी राखा.