ॲलन स्पिअर: समलिंगी असल्याचं जाहीर केल्यावरही २६ वर्षं आमदार कसे राहिले?

रोजनिशी

नमस्कार. मी राज्यशास्त्रात एम. ए. करते आहे. अमेरिकेतल्या राज्य विधिमंडळांवरच्या पेपरसाठी मिनेसोटाचे सिनेटर ॲलन स्पिअर हा विषय घेतला आहे. जे वाचायला मिळतं त्यात दोनच तारखा ठळक दिसतात. डिसेंबर १९७४ मध्ये त्यांनी 'मिनियापोलिस स्टार' या दैनिकातून आपण समलिंगी असल्याचं सांगितलं, ही एक. आणि एकदम १९९३: ते राज्य सिनेटचे सभापती होतात आणि त्याच वर्षी राज्याच्या मानवी हक्क कायद्यात समलिंगी लोकांना संरक्षण मिळतं. मधली अठरा वर्षं कुठे गेली?

निवडून आल्यावर दोन वर्षांनी का सांगितलं? पुढच्या निवडणुकीत मतदारांनी घरी का बसवलं नाही? आणि त्यांच्यावर फक्त तेवढाच शिक्का बसला नाही का? कुणी तिथे राहिलेलं असेल तर कृपया लिहा.

नदीकाठ

तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण त्या अठरा वर्षांबद्दल सहसा कुणी विचारत नाही. मी १९९१ मध्ये शिकायला मिनेसोटात आलो आणि इथलाच झालो. मी स्वतः समलिंगी आहे, त्यामुळे जे लिहितो आहे ते तटस्थपणे लिहितो आहे असं समजू नका.

आधी माणूस. स्पिअर मूळचे इंडियानातले, जन्म १९३७ चा. येल विद्यापीठाची इतिहासातली डॉक्टरेट, आणि मिनेसोटा विद्यापीठात १९६४ पासून प्राध्यापक. शिकागोतल्या कृष्णवर्णीय वस्तीची जडणघडण हा त्यांच्या संशोधनाचा विषय. १९६८ मध्ये खालच्या सभागृहासाठी उभे राहिले आणि पडले. १९७२ मध्ये विद्यापीठ परिसरातून सिनेटवर गेले. डेमोक्रॅटिक पक्षाची इथली शाखा 'डीएफएल' म्हणून ओळखली जाते, म्हणजे डेमोक्रॅटिक-फार्मर-लेबर. ते त्या पक्षाचे.

आता '१९७४ मध्येच का'. नोव्हेंबरमध्ये बोस्टनहून एलेन नोबल मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळावर निवडून आल्या, आपण लेस्बियन आहोत हे प्रचारात न लपवता. पुढच्याच महिन्यात स्पिअरनी मुलाखत दिली. मला यातलं वेळापत्रक महत्त्वाचं वाटतं. इथल्या सिनेटची मुदत साधारण चार वर्षांची. म्हणजे पुढची निवडणूक १९७६ ला. बातमी शिळी व्हायला आणि लोकांना त्यांचं काम दिसायला दोन वर्षं मिळाली. ते १९७६ ला निवडून आले, आणि नंतर १९८०, ८२, ८६, ९०, ९२ आणि ९६ लाही. निवृत्त झाले ते आपल्या मर्जीने, २००० च्या निवडणुकीला उभं न राहता.

शिक्क्याचं विचाराल तर, स्पिअर समितीत मुरलेले आमदार होते. न्याय समितीचं अध्यक्षपद, पुढे गुन्हे प्रतिबंधाशी संबंधित समितीचं काम. शिक्षेची मुदत किती असावी, तुरुंगात किती माणसं कोंबायची, असल्या रुक्ष विषयांवर लोक त्यांच्याकडे यायचे. ज्या सहकाऱ्याला त्यांच्या खासगी आयुष्याशी काही घेणंदेणं नव्हतं, किंवा ते पसंतही नव्हतं, त्यालाही आपलं विधेयक पुढे सरकवायला स्पिअरच्या समितीतूनच जावं लागायचं. वर्षानुवर्षं असं एकत्र बसल्यावर माणूस माणसाला ओळखायला लागतो.

आणि मानवी हक्क कायद्यात समलिंगी लोकांना संरक्षण देणारं ते विधेयक? १९७५ ला पडलं. १९७७ ला पडलं. १९७८ च्या एप्रिलमध्ये तर शेजारच्या सेंट पॉल शहराने समलिंगी लोकांना संरक्षण देणारा स्वतःचा नियम सार्वमत घेऊन रद्द केला. ते अपयश घेऊन हा माणूस रोज त्याच सेंट पॉलमधल्या विधानभवनात कामाला जात होता, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

कायदा नसण्याचा अर्थ काय, ते माझ्याच बाबतीत घडलेलं सांगतो. १९९२ च्या उन्हाळ्यात मी आणि माझा जोडीदार मिनियापोलिसच्या बाहेरच्या एका उपनगरात एक खोली-हॉलचा फ्लॅट बघायला गेलो. मालकाने फॉर्म दिला. किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातातच होता, कारण आम्हाला वरचा मजला दाखवायचा होता. मी दोन्ही नावं लिहिली. त्याने फॉर्म उलटा धरून वाचला, मग विचारलं, "बेडरूम एकच आहे, माहीत आहे ना?" मी हो म्हटलं. त्याने जुडगा खिशात टाकला आणि जागा कालच गेली म्हणाला. पाटी पुढचे तीन आठवडे खिडकीत होती. मिनियापोलिस शहराचा नियम १९७४ पासून होता, पण तो शहराच्या हद्दीपुरता. त्या रस्त्यावर मालकाने काहीही बेकायदा केलेलं नव्हतं.

२ एप्रिल १९९३ रोजी राज्यपाल आर्नी कार्लसन यांनी दुरुस्तीवर सही केली. कार्लसन रिपब्लिकन पक्षाचे, हेही लक्षात घ्या. त्यानंतर नोकरी, घर, शिक्षण, कर्ज या सगळ्यांत हा भेदभाव राज्यभर बेकायदा झाला. असा कायदा करणारं मिनेसोटा हे आठवं राज्य.

तळटीप

एक पुरवणी. एलेन नोबल यांच्याशी तुलना केलीत तर पेपर भक्कम होईल. १९७५ ते १९७९, दोन मुदती, एवढंच त्यांचं विधिमंडळातलं आयुष्य. निवडून येण्याआधीपासून त्यांना प्रचंड त्रास दिला गेला. त्यात बोस्टनमध्ये तेव्हा गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांना एकत्र शिकवण्यासाठी बसने दुसऱ्या वस्तीतल्या शाळांत पाठवण्यावरून वांशिक संघर्ष पेटलेला. मग मतदारसंघांची फेररचना झाली आणि त्या त्याच विधिमंडळातले आमदार बार्नी फ्रँक यांच्यासमोर आल्या. त्यांनी ती लढत टाळली आणि १९७८ मध्ये अमेरिकेच्या सिनेटसाठी पक्षांतर्गत निवडणूक लढवून हरल्या. दार उघडलं त्यांनी, पण त्या दारातून दीर्घकाळ चालत राहायला मिळालं ते स्पिअरना. यात धैर्य कमी-जास्त असण्याचा प्रश्न नाही. स्पिअर पुरुष होते, प्राध्यापक होते, सांगण्याआधीच निवडून आलेले होते.

स्पष्ट बोलतो

मला एक खटकतं. विद्यापीठाचा मतदारसंघ म्हणजे सुरक्षितच. शिवाय १९७५ च्या विधेयकात ट्रान्सजेंडर लोकांना घ्यायला स्पिअर तयार नव्हते. त्यावरून त्यांच्याच चळवळीतले लोक त्यांच्यावर चिडले होते. हे झाकून कौतुक करू नये.

नदीकाठ

झाकायचं नाहीच. त्या वर्षी त्यांना वाटलं की मागणी आखूड ठेवली तर मतं जमतील. मतं जमली नाहीत, आणि आपल्याच माणसांना बाहेर ठेवल्याचं ओझं तेवढं उरलं. मला ती त्यांची चूक वाटते. मात्र १९९३ च्या कायद्यातली व्याख्या काढून वाचा. शरीराने ठरवलेल्या पुरुषपणाशी किंवा स्त्रीपणाशी परंपरेने न जुळणारी स्वतःची ओळख, हेही तिच्यात येतं. राज्य पातळीवर ट्रान्सजेंडर व्यक्तींना असं संरक्षण देणारा हा अमेरिकेतला पहिला कायदा. अठरा वर्षांनी मागणी वाढवून ती मंजूर करून घेतली गेली.

सुरक्षित मतदारसंघाचा मुद्दा निवडून येण्यापुरता खरा आहे. पण सभागृहात ६७ सिनेटर. बाकीचे ६६ काही विद्यापीठातून येत नव्हते. कुणी लोखंडाच्या खाणींच्या भागातला, कुणी शेतकऱ्यांच्या गावातला. १९९३ मध्ये रिपब्लिकन गटनेते डीन जॉन्सन यांनी पाठिंबा दिला. ते विल्मरसारख्या छोट्या गावचे, स्वतः ल्युथरन पाद्री. खालच्या सभागृहात कॅरन क्लार्क यांनी बाजू लावून धरली. त्याही उघडपणे लेस्बियन, आणि १९८१ पासून आमदार. स्पिअरनी चर्चेत सांगितलं की मी ५५ वर्षांचा समलिंगी पुरुष आहे, हा माझ्या वयाचा तात्पुरता टप्पा नव्हे. इतकी वर्षं शेजारी बसलेल्या माणसाच्या तोंडून ते ऐकणं वेगळंच असणार.

रोजनिशी

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. मी पेपरचा गाभा १९७४ ऐवजी १९७५ ते १९९३ करते आहे. नदीकाठ, तुम्हाला एक विचारू? ते २००८ मध्ये गेले. राज्यात समलिंगी विवाह कायदेशीर झाला २०१३ ला. तेव्हा तुम्ही तिथे होतात का?

नदीकाठ

होतो. १३ मे २०१३. विधानभवनाच्या घुमटाखाली मुंगी शिरायला जागा नव्हती. लोक गात होते, वरच्या कठड्यांवरही गर्दी. सिनेटमध्ये ३७ विरुद्ध ३० मतांनी विधेयक मंजूर झालं. याही वेळी खालच्या सभागृहात विधेयक मांडणाऱ्या कॅरन क्लार्कच होत्या, सिनेटमध्ये स्कॉट डिबल. आकडा कळला तेव्हा माझ्या जोडीदाराने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की घड्याळाच्या पट्ट्याचा वळ संध्याकाळपर्यंत होता. शेजारी एक पांढऱ्या केसांच्या बाई रडत होत्या. माझ्याकडे वळून त्या एवढंच म्हणाल्या, "ॲलन असायला हवा होता."

राज्याच्या विधिमंडळ ग्रंथालयाने जुन्या-नव्या सगळ्या आमदारांची माहिती ऑनलाइन ठेवली आहे, स्पिअर कोणकोणत्या समित्यांवर होते ते तिथे सापडेल. त्यांचं आत्मचरित्र निधनानंतर २०१० मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढलं. माझ्याकडे प्रत आहे. १९७५ आणि १९७७ बद्दलची पानं वाचून तुमच्यासाठी टिपणं काढून ठेवतो, शनिवारपर्यंत इथेच टाकतो.