अनुभव धागा: पाठ न सोडणाऱ्या जाहिराती

नेटवर काहीही वाचायला घ्या, तीच जाहिरात पुन्हा पुन्हा, तीही मजकुरावर आडवी. तुम्हाला सगळ्यात जास्त कशाचा त्रास झाला आणि काय उपाय लागू पडला, ते इथे लिहा. सेटिंग कुठे सापडतं तेही सांगा, म्हणजे घरातल्या मोठ्यांना दाखवता येईल.

*

माझ्या बहिणीचं बाळ पाचव्या महिन्यात गेलं. घरात कुणी विषय काढत नव्हतं, पण तिच्या फोनवर पाळणे, डायपर, झबली येतच राहिली. बातमी उघडली तरी, गाडीचं वेळापत्रक बघितलं तरी. फुलीवर बोट ठेवलं की ती जाहिरात जायची, दुसरी यायची. तिनं फोन हातात घेणंच सोडलं होतं. शेवटी गूगलच्या 'माय अ‍ॅड सेंटर'मध्ये गर्भारपण आणि पालकत्व या विषयाच्या जाहिराती कमी करायची सोय सापडली. दारू, जुगार, डेटिंग, वजन घटवणं यांसाठीही ती आहे. सगळ्या थांबल्या नाहीत, पुष्कळ कमी झाल्या. कुणाच्या घरी असं घडलं असेल तर त्यांना न विचारता ही सोय करून द्या. पण एकदा बघितलेली वस्तू सगळीकडे कशी येते हो?

*

ताई, वाचून वाईट वाटलं. दुकानाच्या साइटवर आपण कुकर बघतो, तेव्हा तिथली जाहिरात कंपनी आपल्या ब्राउझरमध्ये कुकी, म्हणजे ओळखीची एक छोटी खूण, ठेवते. पुढच्या साइटवरही तीच कंपनी असते. ती कुकी ओळखते आणि कुकर दाखवते. आपण तो घेतलाय हे तिला कळतंच असं नाही, म्हणून कुकर घरात आला तरी जाहिरात चालूच. माग काढणाऱ्या अशा कुकीज फायरफॉक्स २०१९ पासून आणि सफारी २०२० पासून आपणहून अडवतात. फायरफॉक्सवर 'यूब्लॉक ओरिजिन' हा जाहिराती अडवणारा ब्लॉकर घाला, अँड्रॉइड मोबाइलवरही चालतो.

*

आमच्या बाबांना 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस' असं सारखं यायचं. ते फार घाबरले होते. व्हायरस नव्हताच, कुठल्यातरी साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिली गेली होती. क्रोममध्ये सेटिंग्ज, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. तिथे अनोळखी नावं दिसतील ती काढून टाका.

*

मी लहानशी मराठी साइट चालवते. सर्व्हरचा खर्च जाहिरातींतूनच निघतो, तेव्हा आवडत्या साइटला तरी ब्लॉकरमधून सूट द्या, ही विनंती. मजकूर झाकणारी किंवा आपोआप वाजणारी जाहिरात मी लावत नाही. वाचक वैतागून गेला की परत येत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

*

पीठ मळत रेसिपी वाचताना पान मध्येच खाली सरकतं आणि बोट जाहिरातीवर पडतं. ब्राउझरचा रीडर मोड वापरून बघा, त्यात नुसता मजकूर दिसतो, फार फरक पडतो.

*

तक्रारही करा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या डिझाइनच्या १३ प्रकारांवर बंदी घातली. बातमीच्या वेशातली जाहिरात आणि सतत मध्ये येऊन टोचत राहणं, दोन्ही त्यात आहेत. स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करा.