बी.एस्सी. नर्सिंगचा नंबर हुकला, जीएनएम या नर्सिंग डिप्लोमावरून डिग्रीपर्यंत जाता येतं का?

नमस्कार मंडळी,

भाचीसाठी विचारतेय. बारावी सायन्सला मार्क बरे आहेत, पण नर्सिंगच्या सीईटीत पर्सेंटाइल ढेपाळला. कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) शेवटच्या फेरीची यादी लागली त्या रात्री पोरगी मोबाईलवर तीच पीडीएफ तासभर वर-खाली करत होती, जणू नाव मधेच कुठेतरी उगवेल. मेडिकलची 'नीट' परीक्षा दिलेली नाही, म्हणजे मिलिटरी नर्सिंगही यंदा नाहीच.

घरात दोन तट पडलेत. ताईचं म्हणणं, ड्रॉप घेऊन पुन्हा सीईटी दे. भाऊजी म्हणतात, जीएनएमला घाला. त्यात "डिप्लोमावाली कायम मागे राहते" असं कुणीतरी पोरीच्या डोक्यात भरवलंय. आवड मात्र पक्की आहे. आजीच्या पायाचं ड्रेसिंग सिस्टरांनी एकदा दाखवलं, दुसऱ्या दिवसापासून हिनेच केलं. जीएनएमनंतर मिळणारी डिग्री खरंच डिग्री धरतात का?

रातपाळी: ताई, धरतात. मी त्याच वाटेने आले. जीएनएम तीन वर्षं, मग महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, मग जीएनएमवाल्यांसाठीचं दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. एकूण पाच. ड्रॉपचं एक आणि बी.एस्सी.ची चार धरली तरी पाचच! शिवाय जीएनएमवाली तीन वर्षांनी रजिस्टर्ड नर्स असते, कमवायला लागते. पुढे एम.एस्सी. नर्सिंगला दोघीही चालतात. धोका वेगळाच आहे. हातात पगार आला की पुन्हा वर्गात बसवत नाही. "पुढच्या वर्षी जाऊ" करत माझी सहा वर्षं गेली.

कापूसपट्टी: +१. नोकरी सोडायची नसेल तर इग्नू मुक्त विद्यापीठाचं पोस्ट बेसिक बघा. ते तीन वर्षांचं आहे, नोंदणीनंतर दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि प्रवेश परीक्षा असते.

पण आधी जीएनएमचं कॉलेज नीट पारखा. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या यादीत नाव आहे का ते बघाच, आणि तिथे शिकणाऱ्या मुलींना गाठून विचारा की पोस्टिंग कुठे असतं, वॉर्डात पेशंट किती असतात. माझ्या चुलतबहिणीचं कॉलेज कागदावर झकास होतं, पण प्रसूतीच्या केसेस पुऱ्या करायला मुलींना दुसऱ्या हॉस्पिटलात नंबर लावावा लागायचा. असल्या कॉलेजपेक्षा ड्रॉप परवडला.

धागाकर्ती: दोघींचे खूप आभार. तीन अधिक दोनचा हिशेब ताईला वाचून दाखवला, ती जरा गप्प झाली आहे. :) उद्या भाचीला घेऊन दोन कॉलेजं बघायला जाते, सुट्टीच्या वेळी फाटकापाशीच मुलींना गाठावं म्हणते. रातपाळीताई, एक राहिलं. सहा वर्षांनी परत पुस्तक हातात धरलंत तेव्हा सगळ्यात जड काय गेलं?