आईच्या पापणीला कोळी चावला, कातडी काळी पडतेय. कुठे दाखवू?

राम राम मंडळी. चोपड्याजवळ राहतो. शनिवारी आई माळ्यावरची जुनी पोती काढत होती, तेव्हा डाव्या वरच्या पापणीला कोळी चावला. तपकिरी, लांब पायांचा. त्या रात्री डोळा उघडेना इतकी सूज होती. आज पाचवा दिवस. सूज उतरली, पण हरभऱ्याच्या डाळीएवढा काळा डाग पडलाय. गावातले डॉक्टर म्हणतात काळं कापून टाकू. शेजारच्या काकू म्हणतात चुना लावा. काय करू?

केळीबाग_रावेर: भाऊ, चुना डोळ्याजवळ नेऊच नका, बुबुळ भाजतं. आमच्याकडे पावसाळ्यात दिव्यावर येणारा नारिंगी-काळा किडा चिरडला तरी फोड येतात आणि लोक कोळी फिरला म्हणतात. तुम्ही मात्र कोळी डोळ्यांनी पाहिलाय. मेलेला असला तरी डबीत घालून सोबत न्या.

नेत्रवॉर्ड_सिस्टर: दादा, आत्ता कापू देऊ नका. काही कोळ्यांच्या विषाने कातडी मरते, पण कुठपर्यंत मेली याची कड ठरायला कधी दोन-तीन आठवडे लागतात. घाईने कापलं तर जिवंत पापणीही जाते. पापणीला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून पुष्कळदा जखम आपोआप भरते. तोवर जखम स्वच्छ ठेवायची, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं, अँटिबायोटिक जंतुसंसर्ग असेल तरच. सर्पदंशाची लस यावर चालत नाही. डॅप्सोन नावाचं औषध कुणी लिहून दिलं तर आधी जी६पीडीची (रक्तपेशी जपणाऱ्या एका एन्झाइमची) रक्ततपासणी मागा, नाहीतर रक्तपेशी फुटू शकतात.

माझी खरी काळजी नंतरची आहे. वण आकसला की वरची पापणी पूर्ण मिटत नाही, झोपेत बुबुळ कोरडं पडतं. आई झोपल्यावर डोळ्यात फट राहते का, आज रात्रीच बघा. राहत असेल तर डॉक्टरांना विचारून ओलावा टिकवणारं जेल. पुढे गरज पडली तर कातडी लावून पापणी नीट करता येते. धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात नेत्रविभागात दाखवा. पापणीची शस्त्रक्रिया करणारे कोण, हेही तिथेच विचारा.

ताप, काळ्या चहासारखी लघवी, डोळा फिरवताना दुखणं किंवा अंधुक दिसणं, यातलं काही झालं तर थांबू नका, १०८ लावा.

धागाकर्ता: ताई, रात्री बॅटरी धरून पाहिलं. बारीक फट राहतेय. लघवी साफ आहे, ताप नाही. कोळी डबीत घेतलाय. सकाळच्या पहिल्या गाडीने धुळ्याला निघतोय.