शब्दचर्चा : ‘वन-वन’ आणि ‘ऑन्टू’ मराठीत कसं सांगायचं?

कोथरूडची आई

मुलगी दहावीपर्यंत पूर्ण मराठी माध्यमात होती. आता अकरावी सायन्स, म्हणजे पुस्तक, क्लास, नोट्स सगळं इंग्रजीत. फंक्शनच्या धड्यात वन-वन, मेनी-वन, ऑन्टू, इन्टू अशी चौकडी आली आहे. तिचं म्हणणं, ‘वन-वन म्हणजे एकास एक, ते तर त्रिकोणांच्या एकरूपतेत झालंय.’ आणि तरी उत्तर चुकतं. डावीकडे १, २, ३ आणि उजवीकडे क, ख, ग, घ अशी आकृती होती. १ चा बाण क कडे, २ चा ख कडे, ३ चा ग कडे. तिने लिहिलं, ‘वन-वन नाही, कारण घ ला जोडीदार नाही.’ सरांनी काट मारली.

दोन प्रश्न आहेत. ‘एकास एक’ हा शब्दच इथे चुकीचा आहे का? आणि ऑन्टूला मराठीत काय म्हणतात?

खडूफळा

ताई, शब्द चुकीचा नाही, पण तो दोन ठिकाणी दोन अर्थांनी वापरला जातो आणि मुलीने पहिला अर्थ दुसऱ्या ठिकाणी नेला. भूमितीत आपण ‘एकास एक संगती’ म्हणतो. दोन त्रिकोणांचे तीन-तीन शिरोबिंदू, या बाजूच्या प्रत्येकाला त्या बाजूचा एक आणि उलटही तसंच. कुणी उरत नाही. ही दुहेरी अट आहे.

फलन म्हणजे फंक्शन : डावीकडच्या प्रत्येकातून उजवीकडे नेमका एक बाण जातो. ‘एकास एक फलन’ म्हणजे वन-वन फंक्शन. त्यात फक्त अर्धी अट आहे: दोन बाण एकाच ठिकाणी येऊन पडायचे नाहीत, एवढंच. समोर कुणी रिकामं बसलं असेल तर त्याची चौकशी वन-वन करत नाही, ती ऑन्टू करतं. घ रिकामा आहे म्हणून ते फलन ऑन्टू नाही. वन-वन मात्र आहे. भूमितीतली ‘संगती’ म्हणजे वन-वन आणि ऑन्टू दोन्ही एकदम. इंग्रजीतही हाच घोळ आहे, तिथेही एकच शब्दजोडी कधी फंक्शनला लागते, कधी संगतीला. तो टाळायला फ्रान्समधल्या बूर्बाकी या गणितज्ञांच्या गटाने १९५४ साली इंजेक्शन (वन-वन), सर्जेक्शन (ऑन्टू), बायजेक्शन (दोन्ही) अशी तीन नावं एकत्र वापरात आणली. ‘सर्’ म्हणजे फ्रेंचमध्ये ‘वर’. पुढे इंजिनिअरिंगला किंवा बीएस्सीला गेली की तीच नावं कानावर पडतील.

ऑन्टूला ‘आच्छादी फलन’ म्हणतात. समोरचा सगळा संच बाणांनी झाकला गेला, आच्छादला गेला, असा भाव.

पेठेतला

क-ख-ग-घ ने कुणाचं भलं झालंय? पुण्यात राहता, पेठा घ्या.

पत्त्यावर आपण नेहमी जे पिनकोड लिहितो तेच घेऊ. सदाशिव, नारायण, शनिवार : ४११०३०. कसबा : ४११०११. बुधवार : ४११००२. डावीकडे पाच पेठा, उजवीकडे तीन पिन. प्रत्येक पेठेला पिन आहे आणि एकच आहे, म्हणून हे फलन. वन-वन नाही, मेनी-वन आहे, कारण पिनच्या बाबतीत सदाशिव आणि नारायण एकाच माळेचे मणी (नारायण पेठेतल्या मंडळींना हे आवडणार नाही). तीनही पिनवर बाण पोचतो, म्हणून ऑन्टू.

आता उलट प्रकार. डावीकडे आठवड्याचे सात वार, उजवीकडे पुण्यातल्या सगळ्या पेठा. प्रत्येक वार त्याच्या नावाच्या पेठेकडे पाठवायचा. सोमवारपासून रविवारपर्यंत सातही वारांच्या पेठा आपल्याकडे आहेत, म्हणून कुणी अडत नाही. दोन वार एका पेठेत जात नाहीत : वन-वन. पण सदाशिव, नारायण, कसबा, नाना या कुठल्याच वाराच्या नाहीत, त्या रिकाम्या राहिल्या : ऑन्टू नाही.

जाता जाता : गुरुवार पेठेला पूर्वी वेताळ पेठ म्हणत. नुसतं तेवढंच नाव राहिलं असतं तर गुरुवारला जायला जागाच नव्हती, आणि मग हे वन-वन नाही की ऑन्टू नाही, मुळात फलनच नाही.

चिकित्सक

एकाच पेठेतल्या दोन गल्ल्यांना दोन पिन असतील तर?

पेठेतला

तर पेठेकडून पिनकडे फलन होत नाही. मग डावीकडे गल्ल्या घ्या.

शब्दखुळा

पारिभाषिक शब्दांपेक्षा आपल्या रोजच्या ‘च’ कडे बघा, असं माझं म्हणणं. मराठीत हा सगळा धडा एका अक्षराच्या जागेवर उभा आहे.

‘प्रत्येक पेठेला एकच पिन.’ ही फलनाची अट. ‘च’ पिनला चिकटलाय.

‘तो पिन त्या एकाच पेठेचा.’ ही वन-वनची अट. ‘च’ पेठेकडे गेला.

‘एकही पिन बिनपेठेचा नाही.’ ही ऑन्टूची अट. इथे ‘च’ नाहीच, ‘एकही… नाही’ आलं.

मुलं ‘एकाला एक’ असं मोघम बोलतात, आणि त्या मोघमपणात तिन्ही वाक्यं एकमेकांत मिसळतात. कुणाला एक? किती कुणाला? मराठीत हे सांगायची सोय असताना ते गाळायचं कशाला? मुलीला आकृती दिली की आधी ही तीन वाक्यं तिच्या आकृतीपुरती मोठ्याने म्हणायला लावा. ‘प्रत्येक आकड्याला एकच अक्षर’, खरं. ‘ते अक्षर त्या एकाच आकड्याचं’, खरं. ‘एकही अक्षर रिकामं नाही’, खोटं, घ रिकामा आहे. झालं उत्तर.

खडूफळा

‘च’ चा मुद्दा सुंदर. त्यात एवढीच भर : उजवीकडच्या प्रत्येकावर किती बाण येतात ते मोजा. जास्तीत जास्त एक असेल तर वन-वन. कमीत कमी एक असेल तर ऑन्टू. नेमका एक असेल तर दोन्ही, आणि तेव्हाच बाण उलटे फिरवून उलट फलन मिळतं. डावीकडचे बाण मोजायचे नाहीत. तिथे प्रत्येकातून एकच बाण निघतो, ते फलन असण्यातच आलं.

पेठांच्या उदाहरणात तर वन-वन शक्यच नव्हतं. पाच पेठा, तीन पिन, कसेही बाण काढा, कुठेतरी दोन एकत्र येणारच. एकूण फलनं निघतात २४३, त्यातली ऑन्टू १५०, वन-वन शून्य. हे १५० कसं आलं ते मुलीला करू द्या : २४३ मधून एखादा पिन रिकामा राहणारी वजा करायची, आणि दोन पिन एकदम रिकामे राहणारी दोनदा वजा झाली की ती परत मिळवायची.

हिंजवडीकर

हिंदी एनसीईआरटीत वन-वनला ‘एकैकी’ आणि ऑन्टूला ‘आच्छादक’ आहे. तेच घेतलं तर? केंद्रीय बोर्डाची मुलं आणि आपली मुलं एक भाषा बोलतील.

शब्दखुळा

‘आच्छादक’ चालेल, ‘आच्छादी’चंच भावंड आहे. ‘एकैकी’ला माझा विरोध. मराठीत ‘एकेक’ म्हणजे एकामागून एक. ‘एकेक जण आत या’ असं म्हटल्यावर कुणाच्या डोक्यात जोड्या येत नाहीत, रांग येते. कुणी ‘व्यापक फलन’ सुचवायच्या आत सांगतो, व्यापक म्हणजे मराठीत विस्तृत, सैल. ऑन्टूमध्ये सैलपणा अजिबात नाही.

कोथरूडची आई

मोजायचं तंत्र तिला लगेच कळलं. ‘इन्टू’ राहिलं. तिची मैत्रीण ‘इन्टू फंक्शन’ला गुणाकाराचं फंक्शन समजत होती!

पेठेतला

समजणारच. पाढ्यांपासून ‘पाच इन्टू सहा’ ऐकलंय की.

खडूफळा

बोर्डाच्या भाषेत इन्टू म्हणजे ‘ऑन्टू नसलेलं’, कुणीतरी रिकामं राहिलेलं. गुणाकाराशी संबंध नाही. आणखी एक सावधगिरी : वरच्या वर्गांत ‘अ पासून ब मध्ये जाणारं फलन’ एवढ्याच साध्या अर्थानेही इन्टू म्हणतात, तिथे रिकामं राहण्याचा दावा नसतो. म्हणून मी ‘आच्छादी नाही’ असंच म्हणतो.

आता खरी अडचण. बाणांच्या आकृत्या दोन दिवसांत संपतात, मग सूत्रं येतात. ‘क्ष चा वर्ग हे फलन ऑन्टू आहे का?’ या प्रश्नाला उत्तरच नाही, कारण प्रश्न अर्धा आहे. कुठून कुठे ते सांगा.

सर्व वास्तव संख्यांपासून सर्व वास्तव संख्यांकडे : वन-वन नाही (२ आणि उणे २ दोघांचा वर्ग ४), ऑन्टूही नाही (उणे १ कुणाचाच वर्ग नाही). उजवीकडे फक्त शून्य आणि धन संख्या ठेवा : ऑन्टू झालं, वन-वन अजून नाही. त्याऐवजी डावीकडेच शून्य आणि धन संख्या ठेवा, उजवीकडे सगळ्या : वन-वन झालं, ऑन्टू नाही. दोन्हीकडे शून्य आणि धन ठेवा : दोन्ही झालं, आणि उलट फलन म्हणून वर्गमूळ मिळालं. चारही वेळा सूत्र तेच. बारावीत साइन-इनव्हर्स शिकवताना कोन उणे ९० ते ९० अंशातच का कोंबतात, त्याचं कारण हेच. पूर्ण साइनला उलट फलन नाही, कारण त्याचे बाण एकमेकांवर पडतात.

मुलं कोडोमेनकडे, म्हणजे उजवीकडच्या संचाकडे, बघतच नाहीत. सूत्राच्या आधी दोन संचांची नावं लिहिलेली असतात, ती पत्त्याच्या पहिल्या ओळीसारखी गाळून पुढे जातात. पिनच्या उदाहरणातही बघा : उजवीकडे तीन पिनऐवजी ‘४११ ने सुरू होणाऱ्या सगळ्या सहा अंकी संख्या’ घेतल्या की तेच फलन ऑन्टू राहत नाही. पेठा जागच्या हलल्या नाहीत, पिन बदलले नाहीत.

चिकित्सक

म्हणजे वन-वन डावीकडच्या संचावर अवलंबून आणि ऑन्टू उजवीकडच्या?

खडूफळा

अर्धं बरोबर. उजवीकडचा संच वाढवला-घटवला (बाण पोचतात ती टोकं ठेवून) तर वन-वनला फरक पडत नाही. पण डावीकडचा छाटला तर ऑन्टूही बिघडू शकतं. बाण कमी झाले की कुणीतरी रिकामं राहू शकतं.

आणि परीक्षेत काय लिहितात ते सांगतो. वन-वन सिद्ध करताना निम्मी मुलं सुरुवात करतात, ‘अ आणि ब समान असतील तर त्यांची फलं समान’. हे जगातल्या प्रत्येक फलनाला खरं आहे, त्यातून काहीच सिद्ध होत नाही. उलटीकडून यायचं : फलं समान धरा आणि अ, ब समानच निघतात हे दाखवा. शब्दखुळांचा ‘च’ इथेही आहे.

हिंजवडीकर

एक शंका. दोन्हीकडे सारखेच घटक असले तर वन-वन आपोआप ऑन्टू होतं ना? कोडिंगमध्ये आम्ही हे गृहीतच धरतो.

खडूफळा

घटक मोजून संपत असतील तर होय, आणि उलटही. संपत नसतील तर नाही. १, २, ३… या संख्या दोन्हीकडे घ्या आणि प्रत्येकीला तिच्या पुढच्या संख्येकडे पाठवा. दोन बाण एकत्र येत नाहीत, पण १ कडे कुणीच येत नाही. संच तोच, वन-वन आहे, ऑन्टू नाही. रिचर्ड डेडेकिंडने १८८८ साली अनंत संचाची व्याख्याच यावर केली : ज्याची स्वतःच्याच एका अपुऱ्या भागाशी एकास एक संगती लागते, तो अनंत.

शब्दखुळा

आणि इथे ‘एकास एक संगती’ म्हणजे दुहेरी अटवाली, भूमितीतली. ताईंच्या मुलीला सांगा, तिचा जुना अर्थ इथे उपयोगी पडतो.

कोथरूडची आई

सांगते. सध्या ती १५० कुठून आले ते काढतेय, ९६ पर्यंत पोचलीय.